पूर्णेच्या उत्तरेला

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या तासाला एका शब्दापाशी दरवर्षी थोडे थांबावे लागते. तो शब्द म्हणजे 'उत्तरापंथ'. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीचक्रधर उत्तरापंथे निघून गेले, असे महानुभाव परंपरा सांगते. एरवी 'लीळाचरित्र' हा ग्रंथ स्थळांच्या बाबतीत कमालीचा काटेकोर. स्वामी कोणत्या गावी आले, कोणत्या देवळात उतरले, तिथे कोण भेटले, याची म्हाइंभटांनी जी चौकशी केली तिला मराठीत तोड नाही. पुढे तर केवळ या स्थळांची नोंद ठेवणारी 'स्थानपोथी' तयार झाली. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले मेहकर आणि लोणार या ग्रंथाच्या नकाशावर आहेत. पण स्वामींनी उत्तरेची वाट धरली की हा सगळा काटेकोरपणा संपतो. ना गाव, ना देऊळ, ना मुक्काम. उरते ती फक्त एक दिशा. वर्गात कोणी तरी विचारतोच, "सर, उत्तरेला म्हणजे नेमके कुठे?" श्रद्धावंतांकडे या प्रश्नाचे उत्तर आहे, ग्रंथाकडे नाही.

बुलढाण्यात राहणाऱ्याला मात्र उत्तर ही दिशा अगदी ठोस असते. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग: घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा; घाट उतरला की मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव; मधून पश्चिमेकडे वाहत तापीला मिळायला निघालेली पूर्णा; तिच्या पलीकडे जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे दोन तालुके; आणि त्यांच्याही माथ्यावर सातपुडा. सोयरिकी जुळवताना, बदलीचा हुकूम वाचताना, निवडणुकीच्या गप्पा मारताना 'घाटावर' आणि 'घाटाखाली' हे शब्द आमच्या तोंडी सहज येतात. 'सातपुड्यात' हा शब्द त्यामानाने क्वचित येतो, आणि येतो तेव्हा त्याच्या आधी 'दुर्गम' हे विशेषण बहुधा लागलेले असते.

वाङ्मयाच्या दृष्टीने पाहिले तर हा जिल्हा दक्षिणेकडे दाट आणि उत्तरेकडे विरळ होत जातो. मेहकरला ना. घ. देशपांडे होते, 'शीळ' हा संग्रह १९५४ सालचा. चिखली-बुलढाणा पट्ट्यातला शेतकरी सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्ये आला आणि २००४ साली त्या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. घाटाखाली उतरल्यावर शेगाव आणि दासगणूंचा 'श्रीगजानन विजय' हा पोथीग्रंथ. हे सारे पूर्णेच्या दक्षिणेला. नदी ओलांडल्यावर मला, निदान शिकवण्याजोगे, असे नाव सांगता येत नव्हते. गेल्या माघात या कोऱ्या जागेतून एकदा स्वतः गाडी चालवत जावे असे मनात आले. निमित्त होते एका जुन्या विद्यार्थ्याचे. तो सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि बरीच वर्षे बोलावतो आहे.

बुलढाणा सोडले की राजूर घाट लागतो. वळणे फार अवघड नाहीत, पण एका बाजूला खाली पसरलेला पायनघाट एकदम दिसतो आणि हवा बदलते. घाटावरचा गारवा मागे राहतो. मोताळ्याहून नांदुऱ्याकडे वळलो. नांदुऱ्याला मुंबई-हावडा लोहमार्ग आणि नागपूर-सुरत महामार्ग दोन्ही आडवे येतात. देशाची सगळी धावपळ इथे पूर्व-पश्चिम चाललेली असते. उत्तरेकडे जाणाऱ्याने ती ओलांडायची. महामार्गालगतचा उंच हनुमान मागे पडला आणि येरळीच्या पुलावरून पूर्णा ओलांडली तेव्हा रस्त्यावरची वर्दळ निम्म्याने उतरली होती.

पूर्णेच्या दोन्ही तीरांवरची जमीन काळी, खोल, भरघोस दिसणारी. परक्या माणसाला वाटावे, काय सुपीक मुलूख आहे! हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला. विहिरीला पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही आणि पिकालाही चालत नाही. म्हणून पावसावरची कपाशी, तूर, हरभरा. संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांतल्या मूत्रपिंडाच्या विकारांच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. नंतर वान धरणाचे गोडे पाणी नळयोजनेतून यातल्या अनेक गावांत आले. गाडीतून जाताना यातले काहीही दिसत नाही. दिसतात ती काळीभोर वावरे आणि रस्त्याच्या कडेने डोक्यावर पांढरा प्लास्टिकचा डबा घेतलेली एखादी बाई.

आसलगाव मागे टाकून जळगाव जामोदला पोचलो. विद्यार्थी बसस्थानकाजवळ उभा होता. तो शेजारी बसला आणि पुढचा रस्ता त्याने सांगायचा असे ठरले. जळगाव जामोदच्या पुढे काही मैलांतच जमिनीचा पोत पालटतो. सातपुड्यातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा हा पट्टा. यात मुरलेले पाणी गोड असते. केळीच्या बागा, संत्र्याच्या बागा. खाऱ्या पाण्याच्या मुलखातून येणाऱ्याला ही हिरवळ अविश्वसनीय वाटते. आणि तिच्या मागे, अगदी शेताच्या बांधावर टेकल्यासारखा, सातपुडा.

डांबर हळूहळू संपत जाते. आधी कडा खचतात, मग खड्डे जुळत जातात, मग मधेच थोडे डांबर आणि बाकी मुरूम, आणि शेवटी नुसते दगड. नाल्यावर पूल नाही, फरशी आहे. पावसाळ्यात तिच्यावरून पाणी जाते तेव्हा पलीकडचे पलीकडे आणि अलीकडचे अलीकडे. सागाची पाने झडलेली, सालईची पांढुरकी खोडे उन्हात चकाकणारी, पळसाला नुकता बहर येऊ लागलेला. चढावर दुसऱ्या गिअरमध्येही गाडी कुंथू लागली. "सर, चाकोरी सोडू नका," विद्यार्थी म्हणाला, "मधे दगड वर आलेत, गाडीचं पोट घासेल." हा शब्द मी आयुष्यभर लाक्षणिक अर्थानेच वापरला होता. चाकोरीबद्ध जीवन, चाकोरीबाहेरची कविता. इथे बैलगाडीच्या चाकांनी जमिनीत कोरलेल्या दोन खऱ्या चाकोऱ्या होत्या आणि त्यांच्या बाहेर जाणे म्हणजे गाडीची टाकी फोडून घेणे होते.

भाषाशास्त्राच्या ग्रंथांत या डोंगरपायथ्याच्या गावांची नावे आहेत, ही गोष्ट मराठीच्या वर्गात फारशी सांगितली जात नाही. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चाळठाणा, वसाली. या गावांत निहाली बोलली जाते. काही अभ्यासक तिला 'नाहली' म्हणतात. बोलणारे दोन-अडीच हजार असावेत असा अंदाज आहे. तिचे वैशिष्ट्य एका वाक्यात सांगता येते: जगातल्या कोणत्याही भाषेशी तिचे नाते अद्याप सिद्ध झालेले नाही. शेजारची कोरकू ही मुंडा कुळातली, म्हणजे संथाळी-मुंडारीची दूरची बहीण, त्या कुळाचे अगदी पश्चिमेचे टोक. मराठी आणि हिंदी आर्य कुळातल्या. तेलुगू-गोंडी द्राविड. निहाली यांपैकी कोणाचीच नाही.

ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडात नॉर्वेजियन अभ्यासक स्टेन कोनो यांनी तिला मुंडा भाषांच्या रांगेत बसवले आणि ती मिश्रित झालेली आहे असे नोंदवले. सुधिभूषण भट्टाचार्य यांनी १९५०च्या दशकात प्रत्यक्ष क्षेत्रात जाऊन टिपणे केली. त्यांच्या आधारे डच विद्वान कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोरकूचे शब्द बाजूला काढले, द्राविड बाजूला काढले, मराठी-हिंदीचे बाजूला काढले, तरी सुमारे चतुर्थांश शब्द असे उरतात की ज्यांचे मूळ कुठेच सापडत नाही, असे त्यातून दिसले. दोन, तीन, चार या संख्यांना इरार, मोथो, नालो म्हणतात. ते द्राविड वळणाचे आहेत हे कन्नड किंवा तमिळ जाणणाऱ्याच्या लगेच ध्यानात येईल. पण पाण्याला 'जोप्पो' आणि विस्तवाला 'आप्पो' हे शब्द कुठून आले ते कोणी सांगू शकलेले नाही. पुण्याच्या आशा मुंडले यांनी केलेला निहाली शब्दसंग्रह १९९६ साली 'मदर टंग' या परदेशी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. के. एस. नागराज यांचे निहाली व्याकरणावरचे पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने २०१४ साली काढले. डेक्कन कॉलेजचे शैलेंद्र मोहन यांनीही या भाषेवर काम केले आहे.

म्हणजे ज्या जागेला मी कोरी समजत होतो ती ॲमस्टरडॅममध्ये, म्हैसुरात, पुण्यात वाचली गेली होती. मी राहतो तिथून ही गावे मोटारीने अर्ध्या दिवसाच्या आत येतात. दुर्गमता नकाशावर मोजता येत नाही ती यामुळे. ती कोणाच्या उंबरठ्यापासून मोजायची हे आधी ठरवावे लागते. मोगलांच्या काळी बऱ्हाणपूर हे खानदेश सुभ्याचे ठाणे होते, दक्षिणेच्या सगळ्या मोहिमांचे दार होते. त्या दारातून पाहिले तर सातपुड्याचा हा उतार अंगणासारखा जवळचा, आणि आमचा घाटावरचा प्रदेशच आडवळणाचा.

डोंगरमाथ्यापलीकडे मध्य प्रदेश आहे. ही राज्यसीमा इथे फार जुनी नाही. १९५६ पर्यंत वऱ्हाड आणि निमाड, म्हणजे बुलढाणा आणि बऱ्हाणपूर, एकाच राज्यात होते. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडाचेच ते पुढचे रूप. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बुलढाणा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. सीमा आखली गेली ती भाषेच्या तत्त्वावर. मराठी बोलणारे इकडे, हिंदी बोलणारे तिकडे. भाषावार प्रांतरचनेचा लढा आम्हाला पूज्य आहे आणि तो असावाही. पण सातपुड्याच्या या पट्ट्यात ती रेघ ज्यांच्या वस्तीतून गेली त्यांची भाषा मराठीही नव्हती आणि हिंदीही नव्हती. निहाल दोन्हीकडे आहेत. इकडची मुले मराठी शाळेत जातात, तिकडची हिंदी. त्यांच्या स्वतःच्या भाषेला राज्य मागण्याइतकी संख्या कधीच नव्हती.

कागदोपत्री तर ती भाषा जवळजवळ नाहीच. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'निहाल' हे नाव स्वतंत्र नाही. कोरकू या नोंदीच्या पोटात, इतर काही नावांबरोबर ते येते. जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत नाहीत. जंगलातून वस्त्या हलल्या तसे बोलणारेही विखुरले. संग्रामपूर तालुक्यातले अंबाबरवा अभयारण्य १९९७ साली घोषित झाले, पुढे ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले, आणि ज्या गावाचे नाव अभयारण्याला मिळाले त्या गावाचे पुनर्वसन बाहेर झाले. वाघासाठी ते आवश्यक होते असे जाणकार सांगतात आणि मला ते पटते. पण दोन-अडीच हजार माणसांच्या भाषेत एक गाव हलणे म्हणजे काय, हेही समजून घ्यायला हवे.

आम्ही ज्या वस्तीवर पोचलो तिचे नाव इथे देत नाही. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली अंगणे, एका मोहाखाली बाज टाकलेली. विद्यार्थ्याच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ तिच्यावर बसले होते. "या मास्तर," म्हणून त्यांनी बाज रिकामी करून दिली आणि स्वतः खाली उकिडवे बसले. आम्ही वर बसेनात तेव्हा मग सगळेच खाली बसलो. बोलणे वऱ्हाडी वळणाच्या मराठीत, मधेमधे हिंदी. पीक, पाऊस, रानडुकरांचा उपद्रव. थोड्या वेळाने विद्यार्थ्यानेच विचारले, "बाबा, घरी कोणती बोली बोलता?"

"कोरकू," ते म्हणाले.

विद्यार्थी माझ्याकडे पाहून किंचित हसला. परक्यासमोर आपली भाषा सांगायची नाही ही इथली जुनी रीत असल्याचे अभ्यासकांनीही नोंदवले आहे. निहाली ही मुद्दाम राखलेली गुप्त बोली तर नसेल, अशी शंका कायपर यांनाही आली होती ती काही अंशी यातूनच. मी पुढे काही विचारले नाही. विषय रस्त्यावर आला तेव्हा म्हातारबाबा मोकळे झाले. "रोड पाहिजे जी. मागच्या बरसातीत सुनेले बाजीवर टाकून नाल्यापर्यंत नेलं. गाडी नाल्याच्या तिकडंच उभी. चार जणं लागले." सून वाचली. नातू झाला. तो आता अंगणात रांगत होता. "डांबरी होईल म्हनतात. झाला तं बरं."

मग त्यांनी घराकडे तोंड करून मोठ्या नातवाला हाक मारली आणि काही सांगितले. त्या वाक्यातला एकच शब्द मला ओळखता आला, कारण तो मुंडले यांच्या संग्रहात मी पाहून ठेवला होता. जोप्पो. आठ-नऊ वर्षांचा मुलगा आतून म्हणाला, "आणतो, आबा." मराठीत. शाळेतल्या मराठीत. तो पितळी तांब्या घेऊन आला. पाणी गार आणि गोड होते.

या दोन वाक्यांच्या मधल्या अंतराविषयी मी तेव्हापासून विचार करतो आहे. आजोबांनी मागितले निहालीत, नातवाने उत्तर दिले मराठीत, आणि दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. भाषा जाते ती अशी, कोणी न मारता. त्या मुलाला मराठी शिकवणारा माझा विद्यार्थी आहे आणि त्याला मराठी शिकवणारा मी. तो मुलगा चांगले मराठी बोलतो याचा शिक्षक म्हणून आनंद व्हावा, आणि तो आनंद खोटाही नाही; त्याला तालुक्याच्या दवाखान्यात, बाजारात, उद्या एखाद्या परीक्षेत हीच भाषा लागणार आहे. रस्ता होऊ नये असे म्हणण्याचा अधिकार तर मला मुळीच नाही. बाजेवरून नेलेली ती बाई माझ्या घरातली असती तर मी डांबरासाठी उपोषणाला बसलो असतो. पण रस्ता दोन्ही दिशांनी जातो असे आपण म्हणतो ते शब्दांच्या बाबतीत खरे नाही. या रस्त्याने वर मराठी जाते, हिंदी जाते, मोबाईलमधली गाणी जातात. वरून खाली लाकूडफाटा येतो, मोहाची फुले येतात, मजूर येतात. शब्द येत नाही.

जगाच्या खऱ्याखुऱ्या उत्तर टोकाला याहून मोठ्या प्रमाणावर हेच घडले आहे. अलास्काचा महामार्ग १९४२ साली अमेरिकी सैन्याने काही महिन्यांत खोदला; १९७४ साली तेलाच्या नळासाठी डाल्टन महामार्ग झाला, ६६६ किलोमीटरचा, आर्क्टिक किनाऱ्याजवळ जाणारा. या रस्त्यांवरची प्रवासवर्णने ठरावीक शब्दांनी भरलेली असतात: निर्मनुष्य, अफाट, मौन. ते मौन लिहिणाऱ्याच्या कानातले असते, असे आता वाटते. तिथल्या माणसांना बोलायला भाषा होत्या. त्यांतल्या ईयाक भाषेच्या शेवटच्या जन्मजात भाषक मेरी स्मिथ जोन्स जानेवारी २००८ मध्ये वारल्या. मायकेल क्राउस या भाषाशास्त्रज्ञाने त्यांच्यासोबत बसून त्या भाषेचा कोश तयार केला होता, म्हणून निदान शब्द राहिले. २०१४ साली अलास्काने आपल्या वीस मूळ भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा केला. ईयाक त्या यादीत आहे. बोलणारी व्यक्ती गेल्यानंतर सहा वर्षांनी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या महाविद्यालयात भित्तिपत्रक निघाले, व्याख्याने झाली, मीही बोललो. मराठीच्या प्राचीनतेचे पुरावे सांगताना शिलालेखांपासून 'गाथासप्तशती'पर्यंत जावे लागते. त्याच जिल्ह्यात, त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात, आर्य आणि द्राविड भाषा इथे पोचण्याआधीच्या एखाद्या थराचा अवशेष असू शकेल असे काही अभ्यासकांना जिच्याविषयी वाटते, ती भाषा त्या भित्तिपत्रकात कुठेच नव्हती. तिला शिलालेख नाही, पोथी नाही, छापील कवितासंग्रह नाही. आपल्या शास्त्राची सोय अशी की जे लिहिले गेले त्याचाच इतिहास होतो. पण मराठीचा आरंभकाळ शिकवताना आपण याच मुद्द्यावर किती हळवे असतो ते आठवावे. संस्कृतज्ञांच्या दृष्टीने जी बोली लेखनाला अपात्र होती तिच्यात लिहिण्याचा आग्रह महानुभावांनी धरला, याचा अभिमान आपण दरवर्षी वर्गात व्यक्त करतो. त्या अभिमानाला काही अर्थ असेल तर तो आज दुसऱ्या कोणाच्या तरी बोलीपर्यंत पोचायला हवा.

परतताना विद्यार्थ्याने शाळेजवळ गाडी थांबवायला सांगितली. दोन खोल्या, एक हातपंप, भिंतीवर रंगवलेली बाराखडी. त्याने कपाट उघडून प्रवेशनोंदीचे रजिस्टर दाखवले. त्यात 'मातृभाषा' असा एक रकाना असतो. जुन्या पानांवर त्या रकान्यात सरसकट मराठी, काही ठिकाणी कोरकू. त्याच्या हस्ताक्षरातल्या अलीकडच्या पानांवर, पालकांनी त्याला विश्वासाने सांगितले असेल तिथे, निहाली. अशा नोंदी मी मोजल्या; अकरा भरल्या. "वरून कोणी काही विचारलं का?" मी म्हणालो. "अजून नाही सर," तो म्हणाला, "पण लिहायला सुरुवात तर झाली." यंदा उत्तरापंथाच्या तासाला मी या अकरा नोंदींविषयी बोलणार आहे.